फाटकावरचा विसावा

मी एका मेलेल्या माणसाला पादचाऱ्यांत मोजलं.

हे मी आता सरळ सांगून टाकतो, कारण आमच्या ऑफिसात ही गोष्ट माझ्या पाठीमागे सांगितली जाते तेव्हा तिच्यात बरीच भर पडलेली असते. कुणी म्हणतं, मी प्रेताला हात करून थांबवलं. कुणी म्हणतं, मी त्याला ‘कुठून आलात, कुठे निघालात’ असं विचारलं. तसलं काही झालं नाही. मी फक्त मोजलं.

आमचं चिंचवडला छोटं ऑफिस आहे. रस्ता आणि रूळ जिथे एकमेकांना आडवे जातात तिथलं फाटक काढून रस्ता वरून न्यायचा की खालून, याचे पर्याय आम्ही तयार करून देतो. त्याआधी तिथली वाहतूक मोजावी लागते. तळेगावच्या अलीकडे असंच एक फाटक होतं. रुळांच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला नदी, स्मशान आणि हमरस्ता. ते गाव माझी सासुरवाडी. मोजणीला खरं तर आमच्याकडची नवी मुलं बसतात, पण काम उरकल्यावर सासूबाईंच्या हातची वांग्याची भाजी मिळेल, या लोभाने मी स्वतःच छत्री लावून फाटकाशी बसलो.

हातात मोजणीचं यंत्र. त्यावर दुचाकीला एक बटण, रिक्षाला एक, टेम्पोला, कंपनीच्या बसला, चाकणकडे निघालेल्या कंटेनरला, बैलगाडीला, आणि शेवटचं पादचाऱ्यांना. पहिली शिफ्ट सुटायची वेळ होती, बोटाला उसंत नव्हती. तेवढ्यात गावाकडून माणसं चालत आली. पुढे मडकं धरलेला एक जण, दाबलं बटण. मागे चौघे, दाबलं. चौघांच्या खांद्यावर जो आडवा होता त्याच्यासाठीही दाबलं. बोट चालू होतं, डोकं बंद होतं.

डोकं चालू झालं ते दुसऱ्याच कारणाने. फाटक उघडं होतं, तरी ती माणसं थांबली. फाटकाच्या खांबाजवळ एक सपाट दगड होता, तिथे त्यांनी तिरडी टेकवली. पुढचे दोघे मागे गेले, मागचे पुढे आले. रस्त्यावरच्या गाड्या उभ्या राहिल्या. एरवी सिग्नल सुटायच्या आधी हॉर्न मारणारी आमच्याकडची माणसं, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. कंपनीच्या बसमधल्या लोकांनी खिडकीतून हात जोडले. मग तिरडी उचलली गेली, रूळ ओलांडले गेले, आणि मला वाटलं, उघड्या फाटकाशी वाहतूक कशामुळे थांबते हे शोधून काढलं पाहिजे. इतका मी हुशार.

जेवताना हे मी घरात विनोद म्हणून सांगितलं. माझा मेहुणा चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंगला आहे, त्याला भाकरीचा ठसका लागला.

“दाजी, पण मग त्याला टाकायचं कुठं? मालवाहतुकीत?”

सासरे हसले नाहीत. मी त्यांना मामा म्हणतो. अर्धं आयुष्य शेती आणि अर्धं पिंपरीतली कंपनी, अशी दोन्ही अंगं वापरून थकलेला माणूस. त्यांनी ताटातला हात काढला.

“फाटक काढणार व्हय तुमी, पाव्हणं?”

“मी नाही मामा. आम्ही फक्त पर्याय देतो.”

“म्हंजी तुमीच. मग मला कुठनं न्हेणार?”

“कुठे?”

“नदीवर. आन कुठं?”

सासूबाईंनी भाजीचं भांडं जरा जोरात ठेवलं. “जेवताना काय बोलायचं याची काय रीत हाय का न्हाई या घरात?”

“रीतच इचारतोय मी,” मामा म्हणाले. “मला खांद्यावर न्ह्यायचं. गाडीत न्हाई. आन फाटकापाशी टेकवायचं. फाटक न्हाई तर टेकवायचं कुठं, त्ये हे सांगतील. हे त्याच खात्यात हायती.”

मी ‘बघू’ म्हणालो. हा शब्द मी ऑफिसात रोज वापरतो आणि तिथे तो चालतो.

त्या दगडाला गावात विसावा म्हणतात. प्रेत वाटेत एकदा टेकवायचं, खांदे बदलायचे, ही रीत सगळीकडेच आहे. या गावात ती जागा फाटकावर कशी आली याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की विसावा आधीचा, रूळ नंतरचे. दुसरं मत माझं. फाटक बंद असायचं, मालगाडी संपता संपायची नाही, खांदे भरून यायचे, म्हणून तिरडी खाली ठेवायचे. पुढे फाटक उघडं असलं तरी ठेवायला लागले. अडचणीची रीत झाली. हे मत मी मोठ्या अभिमानाने मेहुण्याला अंगणात ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हे म्हाताऱ्याला सांगू नका. त्यांच्या डोक्यात विसावा न्हाईच. चुलता हाय.”

मग त्याने सांगितलं. मामांचा थोरला भाऊ कोरोनात गेला. हमरस्त्याकडच्या मळ्यातून गावाच्या अंगाच्या दवाखान्यात नेताना रुग्णवाहिका याच फाटकाशी अडकली. मामा मागे मोटरसायकलवर. मालगाडी जात राहिली आणि मामा रुग्णवाहिकेच्या मागच्या काचेकडे बघत राहिले. आतून भावाने हात वर केला. मामांनीही केला. ती शेवटची भेट. नंतर बातमी आली ती फोनवर. घरच्यांना जवळ जाता येणार नव्हतं, म्हणून मामा फाटकाशी जाऊन उभे राहिले, गाडी तिथूनच जाणार म्हणून. आली. आणि त्या वेळी फाटक उघडं. बंद गाडी रूळ ओलांडून न थांबता शहराकडे गेली. ना खांदा, ना विसावा, ना गावची नदी.

“जिता होता तवा अडावलं,” मेहुणा म्हणाला, “आन टेकवायचा होता तवा उघडं. तवापास्नं रोज सांजच्याला जाऊन उभं ऱ्हातात तिथं. म्हणतात, दादा हितंच हाय. त्याला कुनी टेकवलाच न्हाई, तर तो पुढं जाईल कसा?”

मी फाटकाकडे बघितलं. अंगणातून ते दिसतं. मामा जेवण अर्धं टाकून केव्हाच तिकडे गेले होते, आणि खांबाला हात लावून उभे होते. खांबाच्या दुसऱ्या बाजूला कुणी असावं, अशा बेताने जरा सरकून.

सासूबाईंचं मात्र वेगळंच. मी निघताना त्या दारात म्हणाल्या, “जावईबापू, यांचं काय ऐकू नका. त्या फाटकानं माझा दीर खाल्ला. उद्या कुनाची बाळंतीण अडंल. उपटून टाका ते.”

म्हणजे एका घरात एक माणूस फाटकासाठी जीव टाकत होता आणि एक त्याच्या जिवावर उठला होता, आणि दोघांचं कारण एकच होतं. हे कुठल्या पर्यायात बसवायचं?

पर्याय तीन होते. पहिला, उड्डाणपूल. तो गावाच्या शाळेपाशी चढू लागायचा आणि स्मशानाच्या डोक्यावरून जाऊन हमरस्त्याला उतरायचा. कंटेनर सुसाट गेले असते, आणि चितेचा धूर थेट त्यांच्या काचेवर. शिवाय तिरडी घेऊन तो चढ चढायचा म्हणजे खांदा देणाऱ्यांपैकीच एखादा नदीवर राहायचा. दुसरा, पादचारी पूल, बाकी वाहनांनी लांबून वळसा घ्यायचा. तिसरा, बोगदा. आम्ही कागदावर त्याला भुयारी मार्ग म्हणतो, माणसं बोगदाच म्हणतात. रुळांखाली काँक्रीटची चौकोनी खोकी सरकवायची आणि रस्ता त्यातून काढायचा. नदी जवळ, म्हणजे पाणी झिरपणार, पंप लागणार, आणि आमच्याकडे पंप नेमका पावसात बंद पडतो.

पादचारी पुलाच्या जिन्यावर, वळणात तिरडी फिरते का, हे बघायला मी संगणकावर बसणाऱ्या आमच्या सहकारी बाईंकडे गेलो. ट्रक आणि बस वळणावर किती जागा खातात, हे त्या पडद्यावर काढून दाखवतात.

“एक नवीन वाहन काढा,” मी म्हणालो. “माणसापेक्षा थोडं लांब, अरुंद.”

“चाकं किती सर?”

“चाकं नाहीत. आठ पाय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण काढलं. ते आठ पायांचं वाहन जिन्याच्या पहिल्याच वळणावर कठड्यात घुसलं. त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. प्रत्येक वेळी डोकं तरी कठड्याबाहेर जायचं नाहीतर पाय तरी. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, “सर, उभं करून नेलं तर?” मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या चहा आणायला निघून गेल्या.

राहिला बोगदा. पुढच्या स्टेशनाजवळचं फाटक आधीच बंद होऊन तिथे बोगदा झाला होता. मला वाटलं, तिथे प्रत्यक्ष करून बघावं. आजवर मला जे जे वाटलं त्यातलं हे सगळ्यात वाईट.

गुरुवारी मेहुण्याला सुट्टी. त्याने कंपनीतले तीन मित्र आणले. गणपती मंडळाची बांबूची शिडी आणली. मामा म्हणाले, मी पण येतो, आणि मेहुण्याच्या मागे स्कूटरवर बसून आले. त्यांना नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आधी शिडीवर गव्हाचं पोतं ठेवलं. उतारावर पोतं पुढे घसरलं आणि पुढच्या मित्राच्या मानेवर बसलं.

“गव्हाला हात पाय न्हाईत भावा,” तो मान चोळत म्हणाला. “माणूस पायजे.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामा म्हणाले, “माझंच माप घ्या की.”

आता म्हाताऱ्या माणसाला जिवंतपणी शिडीवर आडवं करायचं, आणि ते सासूबाईंना कळायचं, याचा मी विचार केला आणि चटकन चपला काढून स्वतःच आडवा झालो. मेहुणा म्हणाला, “दाजी, लई जड हायसा राव.” मी म्हणालो, मेलेला माणूस जडच असतो. हे बोललो तेव्हा माझी पाठ बांबूवर टेकलेली होती, आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कुणीच हसलं नाही.

उचललं. आधी आकाश दिसत होतं, आणि रुळांवरच्या विजेच्या तारा. मी त्या तारा आयुष्यभर बाजूने बघितल्यात, खालून कधी नाही. मग उतार लागला, डोकं पायांपेक्षा वर झालं, आणि आकाश एका सरळ काँक्रीटच्या कडेने कापलं गेलं. आत गारवा. छताच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. एक थेंब माझ्या कपाळावर पडला आणि तो पुसायला मी हात उचलला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

समोरून एक मोटरसायकलवाला येत होता. त्याने गाडी भिंतीला लावली, हेल्मेट काढलं आणि हात जोडले. मला शिंक आली. मी ती दाबली, आणि दाबलेली शिंक दुप्पट जोरात बाहेर पडली. मोटरसायकल आडवी झाल्याचा आवाज मी ऐकला. पुढचं मला नंतर कळलं. तो गावातलाच होता, आणि त्याने बाहेर पळत जाऊन फोनवरून गावात आपल्याला पुरेल एवढी बातमी सांगितली. मी शिडीवर असतानाच खिशातला फोन वाजायला लागला. काळेवाडीहून बायको होती. कुणी उचलणार कसा? चौघांचे हात अडकलेले, आणि मी मयत.

मग वरून गाडी आली.

बोगद्यात गाडी ऐकू येत नाही, ती अंगात शिरते. आधी बांबू थरथरले, मग माझे दात. छत खाली येतंय असं वाटायला लागलं. चौघे आपोआप थांबले. मालगाडी असावी, कारण ती संपेना. आणि त्या थरथरीत माझ्या उजव्या खांद्याखाली शिडी एकदम हलकी झाली. कुणीतरी पाचवा खांदा लावला होता.

मी मान न वळवता डोळे फिरवले. मामा होते. स्कूटरवरून उतरून, पाण्यातून चालत आले होते. सासऱ्याने जावयाला खांदा द्यायचा नसतो, म्हाताऱ्याने तरण्याला द्यायचा नसतो. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. म्हणजे, बघत माझ्याचकडे होते, आणि दिसत मी नव्हतो.

“हितं टेकवा,” ते म्हणाले.

“आण्णा, पाणी हाय,” मेहुणा बापाला म्हणाला.

“टेकवा म्हनलं ना.”

त्यांनी टेकवलं. माझ्या पाठीला गार पाणी लागलं. वरची गाडी अजून चाललीच होती. मामा वाकले, त्यांचा हात माझ्या छातीवर आला, आणि ते अगदी साध्या आवाजात, घरी आलेल्या पाहुण्याला पाट द्यावा तशा आवाजात म्हणाले, “टेक, दादा. टेक जरा. लई उभा ऱ्हायलास.”

मी श्वास धरून ठेवला. मला वाटलं, मी श्वास सोडला तर यांना कळेल की हा तो नाही. छताकडे बघत राहिलो. माझ्या अंगावरून गाडी जात राहिली आणि मला पक्कं वाटत होतं की मी त्या शिडीवर एकटा नाही. माझ्याच जागेवर, माझ्याच आत कुणीतरी नीट हातपाय लांब करून पडलंय आणि दमलेल्या माणसाने सोडावा तसा निःश्वास सोडतंय. मी भूतबीत मानत नाही. त्या दिवशीही मानत नव्हतो. पण सरकून जागा मात्र दिली.

गाडी गेली. मामांनी पुढच्यांना मागे पाठवलं, मागच्यांना पुढे आणलं, आणि बोगदा ओलांडेपर्यंत स्वतः खांदा दिला. बाहेर उजेडात आल्यावर म्हणाले, “उठा पाव्हणं. भिजलासा.”

घरी काय झालं ते मी थोडक्यात उरकतो. सासूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि त्याच हाताने मेहुण्याला बदडलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली ती म्हणजे, पुढच्या वेळी मरशील तेव्हा फोन बंद ठेव.

आमच्या शिफारशीत बोगदा गेला. मी त्यात आत शिरतानाच्या उताराआधी एक रुंद दगडी ओटा घातला, रस्त्यापासून बाजूला, पाण्यापासून वर. आमच्या साहेबांनी विचारलं, हे कशासाठी? मी सांगितलं, माणसं टेकतात. साहेब म्हणाले, बरं. ओटा झाला. बोगदा झाला. फाटक गेलं, आणि रुळांच्या दोन्ही अंगांना भिंत उभी राहिली. गावातून येणारा जुना रस्ता अजून तिथपर्यंत जातो आणि भिंतीला तोंड लावून थांबतो.

उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर मामा ओट्यावर जाऊन बसले. पाय सोडून, हाताने दगड चाचपून. “उंची बरी हाय,” म्हणाले. त्यानंतर ते कधी भिंतीकडे गेले नाहीत. संध्याकाळी ते देवळाच्या पारावर पत्ते खेळतात आणि लबाडी करतात. दादाचं नाव निघालं तर सरळ बोलतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

फाटकाशी आता मी जातो.

जातो म्हणजे, सासुरवाडीला गेलो की पाय तिकडे वळतात. भिंतीजवळ उभा राहतो. एवढंच नाही. पिंपरीत, कासारवाडीत, कुठल्याही पुलाखालून जाताना वरून गाडी गेली की माझी पाठ गार होते. मी आडवे येणारे रस्ते आणि रूळ वेगळे करून देतो, तो माझा धंदा आहे. पण त्या दिवशी शिडीवर दोन जण एकमेकांत गुंतले, त्यांचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मामांनी आपला भाऊ नीट टेकवला. फक्त तो माझ्यावर टेकवला.

परवा मामांना तळेगावला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गाडी मी चालवत होतो, ते शेजारी. बोगद्याच्या तोंडाशी, ओट्यापाशी आलो आणि माझा पाय ब्रेकवर गेला. रस्ता मोकळा होता. मी काच खाली केली आणि थांबलो. मागे कंपनीची बस थांबली, तिच्यामागे टेम्पो, त्याच्यामागे कंटेनर. हॉर्न सुरू झाले.

“काय झालं?” मामा म्हणाले.

“काही नाही. जरा एक मिनिट.”

त्यांनी ओट्याकडे बघितलं. मग वळून मागच्या रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मी हात गिअरवर ठेवून बसलो होतो.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “दादा कवाच पोचला. आता हितं वाट अडवून तुमीच बसलाय. गिअर टाका, लोकांना कामं हायती.”